रोप नको, लाइटबिल द्या

प्रति,
मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या पेपरच्या जिल्हा पानावर एक फोटो हमखास असतो. प्राचार्य, पाहुणे, एनएसएसची पोरं, मधी एक गुलमोहराचं रोप आणि त्या एका रोपाला सात-आठ जणांचे हात, खाली ओळ, "विद्यार्थ्यांनी दिला पर्यावरण रक्षणाचा संदेश". मी बीड जिल्ह्यातल्या एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो त्यामुळं असल्या फोटोच्या मागच्या रांगेत मी पण असतोच, हे कुणाला टोमणा मारायला लिहीत नाही. पण त्या फोटोचा कंटाळा आलाय आणि माझ्यापेक्षा जास्त पोरांना आलाय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला पत्र कापायचं असलं तरी तेवढं राहील. कॉलेज-विद्यापीठातनं जो कार्बन हवेत जातो तो कमी करायचा असंल तर पोरांच्या हातात रोप देऊ नका, कॉलेजचं लाइटबिल द्या.

आपल्या ग्रिडवरची वीज अजून बहुतेक कोळशाचीच आहे. एक युनिट वापरलं की कुठंतरी साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं, थोडा इकडं-तिकडं होतो पण 0.7 च्या आसपासच राहतो. आमच्या पोरांना हे समजून सांगायला पुस्तक लागत नाही, परळी जवळच आहे. परळीच्या औष्णिक केंद्राची राख ज्यांच्या पत्र्यावर आणि वावरात पडते त्यांचीच लेकरं आमच्या वर्गात बसतात. 2015 ला पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं हे पण घरातल्या मोठ्यांकडून त्यांनी ऐकलेलं असतं. म्हणजे आपल्याकडं वीज, पाणी आणि हवा ह्या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकीला हात लावला की दुसरी हलते.

आता शिक्षणाचं बघा. पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना सक्तीचा आहे, सुप्रीम कोर्टानं 1991 ला एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण द्या म्हणून सांगितलं आणि त्यातनंच पुढं पदवीच्या सगळ्या शाखांना तो विषय आला. हेतू लई चांगला. झालं काय तर प्रकल्प. झेरॉक्सच्या दुकानात "ओझोन थराचा ऱ्हास" किंवा "जलप्रदूषण : कारणे व उपाय" तयार मिळतंय, कव्हरवर नाव आणि सीट नंबर टाकला की झालं, आणि आमच्यापुढं गठ्ठाच्या गठ्ठा असतो तो एका दिवसात तपासायचा असतो म्हणून त्याच्यावर सह्या होतात. ज्यानं ओझोनवर वीस पानं जमा केली त्याला विचारा, बाबा तुझ्या हॉस्टेलला महिन्याला किती युनिट लागतात, तो तुमच्याकडंच बघत राहील. त्याचा दोष नाही, त्याला ते कागद कुणी कधी दाखवलेच नाहीत. बिल अकाउंट सेक्शनला येतं, पैसे जातात, फाइल कपाटात जाते. (आमचं मानधन थकतं पण लाइटबिल कधी थकत नाही, तेवढं महावितरणला मानावं लागंल.)

मागं एका बॅचला मी फील्ड प्रोजेक्ट म्हणून हेच दिलं. नवीन शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, मग म्हणलं काम पण होईल आणि मार्क पण मिळतील. अकाउंटच्या मॅडमनी आधी "हे कशाला लागायलंय तुम्हाला" केलं, नंतर दिल्या झेरॉक्स. पोरांनी बिलं टेबलावर मांडली आणि त्यातल्या एका पोरीनं पहिलाच प्रश्न असा विचारला की मी गप्प. "सर, दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं असतंय, मग युनिट निम्मे पण का कमी नाही झाले?"

मग सुट्टी लागल्यावर जवळच्या गावची पोरं मुद्दाम जाऊन मीटर बघून आली. हॉस्टेलला कुलूप आणि मीटर पळायलंय. वायरमन मामाला सोबत घेऊन शोध घेतला तर वरच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो तो) गेलेला, टाकी भरून पाणी मागच्या नालीत, त्यामुळं बोअरची मोटर थोड्या-थोड्या वेळानं आपोआप चालू होयाची. तळमजल्यावरचा वॉटर कूलर कुणीच नसताना पाणी गार करत बसलेला. मैदानावरचे मोठे दिवे भर उन्हात चालू, कारण स्विच ज्या खोलीत त्या खोलीची चावी ज्यांच्याकडं ते गावाला. ह्यात कुठलं सायन्स नाही हो, पण एवढ्या वर्षांत कुणी बघितलं नव्हतं कारण बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

बोअरवरनं पोरांना गणित घातलं. हजार लिटर पाणी शंभर मीटर खालून वर ओढायला थिअरीनं पाव युनिटच्या जरा वर लागतं, अकरावीचं एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची) आहे ते. आपल्या सबमर्सिबलची, पाइपांची आणि व्होल्टेजची अवस्था बघता प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-अडीचपट धरा. टाकी वाहून जाते तेव्हा आपण फक्त पाणी गेलं म्हणतो, पण त्या पाण्यासोबत वर ओढायला जाळलेला कोळसा पण नालीत जातो. ज्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात हे चाललंय.

बॉल कॉक बदलायला किती पैसे लागतात ते तुम्हाला माहितीय. तरी तो बदलायला आमच्याकडं अर्ज, त्याच्यावर शेरा, मग कोटेशन, असं सगळं झालं, आणि वर "पोरांनी अभ्यास करावा, मीटर कशाला बघत फिरतात" हे ऐकून घ्यावं लागलं. पण बदलला. पुढच्या बिलात फरक दिसला तेव्हा पोरांचे चेहरे बघायला पाहिजे होते, वृक्षारोपणाच्या फोटोत असला चेहरा कुणाचा येत नाही.

पंख्याचं गणित तर मी आता प्रत्येक वर्गात फळ्यावर करतो. हॉस्टेलातला जुना पंखा साधारण 75 वॅट खातो. बीएलडीसी म्हणून जे पंखे येतात ते 28 ते 35 वॅटमध्ये तेवढीच हवा देतात, 30 धरू. फरक 45 वॅटचा. आपल्याकडं हॉस्टेलचा पंखा दिवसाला 16 तास आणि वर्षात 250 दिवस तरी चालतोच, म्हणजे 4,000 तास, म्हणजे एका पंख्यामागं वर्षाला 180 युनिट वाचले. त्याला 0.7 नं गुणा, 126 किलो कार्बन डायऑक्साइड. शंभर पंख्यांचं हॉस्टेल असंल तर 18,000 युनिट आणि साडेबारा टन. आता चांगलं वाढलेलं झाड ढोबळमानानं वर्षाला 20 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं असं धरतात, झाडाझाडात खूप फरक असतो पण अंदाजाला ठीक आहे. म्हणजे एक पंखा बदलला की सहा मोठी झाडं लावल्यासारखं झालं, आणि ती सहा झाडं मोठी होईस्तोवर एप्रिल-मेमध्ये त्यांना पाणी कोण घालणार हा प्रश्न पण नाही. राज्यात 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी झाडांचं टार्गेट होतं, त्यातली तुमच्या-आमच्या कॉलेजच्या वाट्याची किती जगली ते प्रत्येकानं आपापल्या कंपाउंडमध्ये जाऊन बघावं. झाडं लावूच नका असं मी म्हणत नाही, सावली लागते, कडुलिंब लावा, वड-पिंपळ लावा आणि जगवा. पण कार्बनचा हिशोब झाडांवर ढकलून मोकळं होऊ नका.

पैशाचं पण सांगतो कारण मॅनेजमेंटला तीच भाषा लवकर कळते. युनिट आठ रुपये धरलं तरी एका पंख्यामागं वर्षाला 1,440 रुपये वाचले, पंखा अडीच-तीन हजाराला येतो, दोन वर्षात वसूल. पण होतं काय की पंखे घ्यायचा पैसा वेगळ्या हेडखाली आणि लाइटबिलाचा वेगळ्या, त्यामुळं टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त पंखा येतो आणि पुढची पंधरा वर्षं बिल भरत बसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. काही ठिकाणी खोल्यांमध्ये स्टिकर लावलेत, "पंखा बंद करा, पृथ्वी वाचवा". परभणीत, नांदेडला मे महिन्यात 43-44 च्या पुढं पारा जातो, पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या शेवटच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री अकराला पण भिंतीला हात लावता येत नाही, तिथं परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला पंखा बंद कर म्हणायला जीभ तरी कशी वळते. आमच्याकडची कितीतरी पोरं ऊसतोडवाल्यांची आहेत, मायबाप सहा महिने कारखान्यावर कोपीत राहतात. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनाच्या आसपास पडतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास, आणि आपल्या त्या दोन टनाच्या सरासरीत एसीवाले, विमानवाले सगळे आले, ह्या पोरांचा वाटा त्याच्या पण किती खाली असंल विचार करा. त्याला काटकसर शिकवायची गरजच नाही, तो जन्मापासून तेच करायलाय. उधळपट्टी इमारतीत आहे, मशिनरीत आहे, खरेदीत आहे, आणि ते निर्णय पोरं घेत नाहीत. पोरांनी मोजायचं, दाखवायचं आणि जाब विचारायचा. उलट शेवटच्या मजल्याच्या गच्चीला उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचा पांढरा हात मारा, खोली गार राहते, हे आपल्या आज्यांना पण माहिती होतं.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिथल्या कॉलेजात पोरांनी काय केलं ते पण वाचण्यासारखं आहे. ओहायो राज्यात ओबरलिन कॉलेज आहे, तिथं 2005 ला हॉस्टेला-हॉस्टेलात दोन आठवड्यांची स्पर्धा ठेवली, कोण वीज जास्त वाचवतं. काही हॉस्टेलांना वीज किती चाललीय ते त्याच घडीला स्क्रीनवर दिसायची सोय करून दिली, बाकीच्यांना आठवड्याला एकदा आकडा सांगायचे. सगळ्यांची मिळून वीज 32 टक्क्यांनी कमी झाली, पण ज्यांना आकडा सतत डोळ्यासमोर होता त्यांची 55 टक्क्यांनी. गंमत म्हणजे पाण्याची पण स्पर्धा होती, त्यात जेमतेम तीन टक्के फरक पडला. म्हणजे हे काही जादू नाही, कुठं चालतं कुठं नाही. दोन आठवड्यांची स्पर्धा संपल्यावर किती टिकतं हा प्रश्न उरतोच. पण आकडा समोर असला की माणूस वागतो एवढं तरी त्यातनं दिसलं.

तिथल्याच व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजात तर पोरांनी विषय लावून धरला, विश्वस्तांसमोर स्वतः हिशोब मांडला, आणि 2007 ला कॉलेजनं 2016 पर्यंत कार्बन न्यूट्रल, म्हणजे जेवढा कार्बन सोडायचा तेवढा भरून काढायचा, असं होयाचं ठरवलं. 2009 ला लाकडाच्या चिप्सवर चालणारा प्लांट टाकला कारण त्यांचा मोठा खर्च हिवाळ्यात इमारती गरम ठेवायचा, आणि 2016 ला झालो म्हणून जाहीर केलं. त्यात कॉलेजच्या मालकीच्या जंगलाचा वाटा पण धरला होता आणि लाकूड जाळणं खरंच न्यूट्रल आहे का ह्यावर तिथं पण वाद आहेत, ते डोळे झाकून घेऊ नये. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात पोरांनी 2007 मध्ये मतदान करून स्वतःच्या फीत थोडी रक्कम वाढवून घेतली आणि त्यातनं हरित कामांचा फंड उभा केला. हे मात्र आपल्याकडं कुणी उचलू नका, कारण दुष्काळ जाहीर झाला की आपल्याकडं परीक्षा फी माफ करावी लागते, तिथं पोरांवर नवीन फी लावणं पाप आहे. आणि त्यांच्याकडं खोली गरम करायची, आपल्याकडं गार, त्यामुळं त्यांची मशिनरी आपल्या कामाची नाही. घ्यायचं ते एवढंच की तिथल्या पोरांना आकडे मिळाले आणि त्यांनी ते आकडे घेऊन वरच्यांना सोडलं नाही. आपली पोरं काही कमी नाहीत, 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच पेटवलं होतं.

सोलरचं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. लावा ना, आपल्या उन्हात एक किलोवॅट रोज सरासरी चार युनिट देतो आणि त्याला शंभर चौरस फूट गच्ची पुरते, पैसे नसतील तर कंपनी स्वतः लावते आणि आपण युनिटप्रमाणं पैसे द्यायचे अशी पण पद्धत आहे. पण लावल्यावर बघणार कोण? आपल्याकडं फाल्गुन-चैत्रात एवढी धूळ बसते की पॅनल पांढरे दिसतात. इन्व्हर्टर ट्रिप होऊन पडलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो कारण ज्याच्या मोबाइलवर ॲप होतं त्या सरांची बदली झाली. आणि सोलर गीझर! हॉस्टेलच्या गच्च्यांवर जाऊन बघा, निम्म्या नळ्या फुटलेल्या, उरलेल्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार एवढा बसलेला की पाणी पुढंच सरकत नाही. खाली पोरं खोलीत कॉइल लावून बादली गरम करायलेत. क्षार काढायला सायट्रिक अॅसिड, दोन माणसं आणि अर्धा दिवस, एवढंच लागतं. केमिस्ट्रीच्या पोरांचं प्रॅक्टिकल म्हणून लावा, प्रयोगशाळेतल्या टायट्रेशनपेक्षा जास्त लक्षात राहील त्यांच्या.

मेसकडं तर कुणाचं लक्षच जात नाही. व्यावसायिक सिलेंडर 19 किलोचा असतो, एक किलो गॅस जाळला की जवळपास तीन किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका सिलेंडरला 57 किलो, साधारण 80 युनिट विजेएवढं. आमच्या मेसच्या मावशी डाळ आदल्या रात्री भिजत घालतात आणि भात शिजताना पातेल्यावर परात झाकतात, त्यांना कुणी कार्बन सांगितला नाही, गॅस पुरवून वापरायचा म्हणून करतात. दुसऱ्या मेसवर गेलात तर उघड्या पातेल्यात भसाभसा ज्वाला. पोरांनी दोन मेसचे सिलेंडर आणि जेवणारी ताटं मोजली तर फरक आपोआप दिसतो. उरलेलं अन्न मागं खड्ड्यात टाकलं जातं, ते तिथं हवा न लागता कुजलं की मिथेन होतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 28 पट तापवतो. तेच बायोगॅसच्या टाकीत घातलं तर एक घनमीटर गॅसमागं अर्ध्या किलोच्या जरा आत एलपीजी वाचतो. बायोगॅस काही नवीन नाही, गावोगाव शेणाचे होते, बरेच बंद पडले कारण रोज घालायला कुणी नव्हतं. मोठं जमत नसंल तर ड्रम घेऊन त्यात कंपोस्ट खत करा. शेजारच्या जिल्ह्यात, शिर्डीला, संस्थाननं 2009 पासून प्रसादालयात सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून स्वयंपाकाला वापरली, तिथं हजारो माणसं जेवतात, आपल्या तीनशे ताटांच्या मेसला काय अडचण आहे ते अभ्यासायला इंजिनिअरिंगच्या पोरांना पाठवा की.

आता जे सांगतो ते कुठल्याच ऑडिटमध्ये नसतं. आमच्याकडं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतात आणि तीन-चार गावांकडं जाणारी शेवटची एसटी पाचला सुटते. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे, पोरं पास काढायला तयार आहेत, पण गाडीच मिळत नसंल तर काय करायचं? मग बाप कर्ज काढून मोटारसायकल घेऊन देतो, एक लिटर पेट्रोलला 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, रोजचं जाणं-येणं, शिवाय हायवेवरची भीती. पोरींचं तर त्याहून वाईट, गाडी नाही म्हणून प्रॅक्टिकल अर्धं सोडून निघतात, नाहीतर सायन्सच सोडून देतात. टाइमटेबल अर्धा तास अलीकडं घेतलं नाहीतर डेपो मॅनेजरला भेटून गाडीची वेळ बदलून घेतली तर हे सगळं वाचतंय, खर्च शून्य. पण प्राचार्यांच्या टेबलावर टाइमटेबल हा पर्यावरणाचा विषय म्हणून कधी येतच नाही. पोरांनी एकदा नुसतं मोजावं की किती जण कशानं येतात आणि का, आणि तो कागद डेपोत नेऊन द्यावा.

नॅकवाले (कॉलेजांना दर्जा ठरवून देणारी संस्था) येतात तेव्हा मात्र सगळं असतं. निकष सातमध्ये पर्यायी ऊर्जा, एलईडी, ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट सगळं विचारतात, चांगलंच आहे. मग एजन्सी येते, दिवसभर फिरते, रंगीत रिपोर्ट देते, तो आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या कपाटात जातो आणि नॅकची तपासणी टीम गेल्यावर पुन्हा बाहेर निघत नाही. मी असे दोन-तीन रिपोर्ट चाळलेत, कॉलेजचं नाव बदललं तर कुठलाही कुठंही चालेल. आमचे वायरमन मामा कुठली लाइन कुठं जाते, कुठला स्विच कुणी बंद करत नाही, कुठली मोटर जास्त करंट ओढते हे सगळं तोंडपाठ सांगतात, पण त्यांना कुठल्या ऑडिटवाल्यानं विचारलेलं मी बघितलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, तिघांनी मिळून एक परिपत्रक काढावं, परिपत्रक काढायची सवय तर आहेच. प्रत्येक कॉलेज, प्रत्येक हॉस्टेलच्या दर्शनी बोर्डावर महिन्याला चार आकडे खडूनं लिहायचे : विजेचे युनिट, मेसचे सिलेंडर, जनरेटरचं डिझेल आणि पाण्याचे टँकर. शेजारी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे. ते लिहायचं आणि तपासायचं काम पोरांकडं, आणि पर्यावरणाच्या पेपरचा प्रकल्प म्हणून तेच धरायचं, म्हणजे झेरॉक्सवाल्याला दुसरा धंदा बघावा लागंल. अकाउंट सेक्शननं बिलाची प्रत द्यायला नाही म्हणू नये एवढं परिपत्रकात ठळक टाका, कारण खरी अडचण तिथंच येते, वीज वाचवायला कुणाचा विरोध नसतो, आकडे दाखवायला असतो. बिलात डिमांड चार्ज (युनिटशिवाय लोडप्रमाणं लागणारा आकार) किती भरतो, कुठं काय चुकलं, हे सगळं उघडं पडतं म्हणून.

आठ जिल्ह्यातल्या कॉलेजांचे आकडे एकत्र आले तर कुठलं हॉस्टेल डोईमागं किती वीज घेतं हे पहिल्यांदा कळंल. आज विद्यापीठात विचारा, कुणी सांगू शकत नाही.

आणि साहेब, आपल्याला पण एक विनंती. येत्या पावसाळ्यात वृक्षारोपणाची बातमी घेऊन कुणी आलं तर घ्या, पण त्यांना म्हणा सोबत मागच्या वर्षीच्या रोपांचा आजचा फोटो आणि बारा महिन्यांच्या लाइटबिलाची झेरॉक्स पण आणा. जो आणील त्याची बातमी पहिल्या पानावर घ्या, मी तो अंक विकत घेऊन वर्गात लावीन.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक, जि. बीड

(नाव आणि कॉलेज छापू नये ही विनंती. दरवर्षी नव्यानं मुलाखत द्यावी लागते आणि बॉल कॉकचं प्रकरण अजून ताजं आहे.)